एकोणिसाव्या नंबरची पट्टी

३ मे, सकाळी ७

नवी वही. जुनीत मार्चपासून नुसत्या तक्रारी भरल्या होत्या, त्या वाचून माझाच मूड गेला. आता फक्त कामाचं लिहायचं. ड्राफ्ट, म्हणजे सगळ्या क्लबांनी नंबराप्रमाणे नवी पोरं निवडायचा दिवस, २५ जूनला. माझा क्लबबरोबरचा करार संपतो ३० जूनला. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मार्जीला चहा पिताना सांगितलं. मार्जी म्हणाली, मी विचारलं होतं का?

बायको आहे. चालायचंच.

संकल्प: मीटिंगमध्ये सगळ्यांच्या आधी बोलायचं. बशीएवढं तळलेलं पोर्क सँडविच बंद, गुडघ्यावर वजन येतं. आणि किशला पोरटं म्हणायचं नाही. निदान ऑफिसात.

ब्रॅडन किश म्हणजे आमचा जनरल मॅनेजर. वय तेहतीस. आयुष्यात बास्केटबॉल हातात धरला असेल तर दुकानात. मी एकतीस वर्षं स्काउट आहे, गावोगावी फिरून क्लबसाठी पोरं हेरतो. इंडियाना, ओहायो, केंटकी, शाळा-कॉलेजांतलं बास्केटबॉलचं एकही जिम सोडलेलं नाही. लाकडी बाकांवर बसून पाठीची काशी झाली. आणि या एकतीस वर्षांत क्लबने एकदाही, एकदाही मी सुचवलेलं पोर घेतलं नाही. प्रत्येक स्काउटचा एक तरी खेळाडू असतो. हा अमक्याने शोधला, असं लोक म्हणतात. माझा एकही नाही. यात माझा काय दोष? ऐकणाऱ्याला कान लागतात.


५ मे

सिनसिनाटीला मीटिंग. घरून, म्हणजे मन्सीहून, दोन तास गाडी हाकत गेलो. आमचा नंबर पहिल्या फेरीत सत्ताविसावा, म्हणजे वरची पोरं आमच्यापर्यंत येणारच नाहीत. तरी तोलायचं सगळ्यांना. वरच्यांचं वजन माहीत नसेल तर खालच्यांचं कसं कळणार?

पहिला ट्रेव्हियन सॉल्टर. सात फूट. सगळे म्हणतात, असा पंधरा वर्षांत एक होतो. मी आधीच बोललो (संकल्प!). म्हणालो, मी त्याला कोलंबसला पाहिलंय. त्याच्या बुटाच्या लेस सामानवाला बांधत होता. ज्याला स्वतःची लेस बांधता येत नाही तो शेवटच्या दोन मिनिटांत संघ काय बांधणार? खोलीत शांतता. सगळ्यांना पटलं. किश म्हणाला, नोंद घेतली.

दुसरा कोल्बी रेन. लांबून टाकतो, पडतात. पण मी त्याच्या आईला पाहिलंय, पाच फूट दोन. मी म्हणालो, हा वाढायचा नाही. टेसा म्हणाली, तो बावीस वर्षांचा आहे वेंडेल. ही टेसा म्हणजे आकडेमोडवाली, लॅपटॉपशिवाय तिला लिफ्टचं बटणसुद्धा सापडत नाही.

तिसरा सर्बियाचा मिलोवान द्राशकिच. मी म्हणालो, व्हिडिओवर बोलताना हा पोरगा डोळ्याला डोळा देत नाही, मनात पाप आहे. टेसाने समजावलं, कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो. असेल. पण ज्याला बघायचं तो बघतोच.

किश म्हणाला, नोंद घेतली. आज एकूण तीनदा घेतली. हा माणूस मला मानायला लागला की काय?


७ मे

आता लिहितोच. जानेवारीपासून मनात ठेवलंय.

एमरी हॅचर. अँडरसन गावचा. एकवीस वर्षं, सहा फूट पाच. कुठल्यातरी लहान कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. त्याचा सामना बघायला दोनशे माणसं होती, त्यातली निम्मी पॉपकॉर्नला आलेली. हा पोरगा चेंडू सुटायच्या आधीच तो कुठे जाणार तिथे जाऊन उभा. घाई नाही, आरडाओरडा नाही. मी वहीत लिहिलं: हाच. मग दोनदा अधोरेखित केलं. अंगावर काटा आला होता, खरं सांगतो. असं मला एकतीस वर्षांत चारदाच झालंय. (पहिले तिघे चालले नाहीत. दुखापती. आणि एकाला बायको वाईट मिळाली.)

आज मीटिंगमध्ये त्याचं नाव काढलं. टेसाच्या यादीत तो चौऱ्याऐंशीवा. ड्राफ्टमध्ये सगळे क्लब मिळून साठ घेतात. किश म्हणाला, मुलगा चांगला आहे, पण अजून एक वर्ष कॉलेजात खेळू दे. फेक सुधारेल, डिग्रीही होईल. त्याने ड्राफ्टला नाव दिलंय, पण २७ मेपर्यंत काढून घेता येतं. पुढच्या वर्षी आपणच बघू त्याला.

पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी मी कुठे असेन? पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा की पिकलेलं फळ झाडावर ठेवलं की पाखरं खातात.


१२ मे

मोठ्या हॉलच्या भिंतीवर बोर्ड आहे. नावं लिहिलेल्या लोहचुंबकी पट्ट्या, लायकीप्रमाणे वरून खाली. ड्राफ्टच्या संध्याकाळी त्याच्याखाली बसूनच निर्णय होतो. मी कित्येक वर्षं पाहतोय. अर्थात गेली काही वर्षं मला त्या संध्याकाळी आत बोलावलेलं नाही, पण पद्धत काही बदलत नाही.

एमरीची पट्टी सर्वांत खाली, दिव्याच्या बटणापाशी. हात पुसून लावल्यासारखी.

जेवायच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. मी ती उचलून चाळिसाव्या जागी लावली. चोरी नव्हे ही. मत आहे. मत मांडायचा मला करारानुसार हक्क आहे.


१५ मे

कोणी काही बोललं नाही. पट्टी तिथेच. तिसाव्या जागी नेली.


१८ मे

कोणी काही बोललं नाही! आता एकोणीस. माझ्या मते तो नववा आहे, पण उगाच हाव नको.

एक बघितलं. बोर्डावर अजून त्या टेक्ससच्या पोराची पट्टी आहे, ज्याने फेब्रुवारीतच नाव काढून घेतलं. शिवाय एकाचं स्पेलिंगही चुकलंय. किशचा ढिसाळ कारभार. मी असतो तर रोज फडक्याने पुसला असता.


२० मे

आज साक्षात पुरावा. किश चार सूटवाल्या पाहुण्यांना घेऊन हॉलमध्ये आला. मी कोपऱ्यात कॉफी घेत होतो. त्याने बोर्डाकडे बोट केलं. बोट सरळ एकोणिसाव्या पट्टीवर. म्हणाला, इथे आमचा सगळा विचार असतो. पाहुण्यांनी फोटो काढले.

हाताच्या काकणाला आरसा कशाला? मौन म्हणजे संमती, आणि इथे तर वर बोटही.

मार्जीला सांगितलं. ती म्हणाली, त्याने तोंडाने सांगितलं का की घेतो म्हणून? मी म्हणालो, तुला या धंद्यातलं कळत नाही, इथे मोठ्या गोष्टी तोंडाने सांगत नाहीत. ती म्हणाली, लग्नाआधी माझ्या वडिलांनाही तू सांगितलं होतंस, कोचची नोकरी पक्की आहे, फक्त तोंडाने सांगायचं राहिलंय. बत्तीस वर्षं झाली या गोष्टीला! बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात, मार्जीच्या पोटात सगळं राहतं.


२४ मे, रविवार

अँडरसनला जाऊन आलो. एमरीची आई लोरेन शाळेची बस चालवते. नवरा नाही, बारा वर्षांपूर्वी गेला. कुस्करलेल्या बटाट्यावर चिकन-नूडल्स वाढल्या. नाही म्हणवेना.

मी सांगून टाकलं. आमच्या बोर्डावर एमरी एकोणीस. आमचा नंबर सत्तावीस. वरच्यांपैकी कोणी घेतला नाही तर तो आमचा. नाव काढू नका.

आमच्या धंद्यात याला शब्द देणं म्हणतात. शब्द जनरल मॅनेजरने द्यायचा असतो, असा रिवाज आहे. पण किशला असल्या गोष्टी जमत नाहीत, घरात जाऊन जेवायला लागतं.

एमरीने ताटातल्या नूडल्स एका बाजूला सारल्या. मग म्हणाला, सर, कोचने माझी जागा सत्तावीस तारखेपर्यंत ठेवलीय. नंतर ते दुसऱ्याला देणार. मी म्हणालो, देऊ दे बिचाऱ्याला.

लोरेनने हातातला डाव खाली ठेवला. म्हणाली, प्रुइटसाहेब, मी बस चालवते, मला तुमच्यातलं काही कळत नाही. त्याची डिग्री एका वर्षावर आलीय. आमच्या घरात आजवर कोणाची झाली नाही. म्हणून विचारते, राग मानू नका. हा शब्द क्लबचा की तुमचा?

मी म्हणालो, लोरेनबाई, स्काउटचा शब्द तो क्लबचा शब्द.

चांगलं वाक्य सुचलं. ऐनवेळी मला सुचतं, हे माझं आहेच. ती रडली. माझे हात धरून म्हणाली, आजवर या पोराच्या दारात कोणी आलं नाही हो. आले ते सरकारी फॉर्म भरून घ्यायला. तुम्ही पहिले.

येताना गाडीत मलाही जरा भरून आलं. एकतीस वर्षं. आता म्हणतील, हॅचर? तो वेंडेल प्रुइटने शोधला.


२७ मे, दुपारी ४

एमरीचा मेसेज: नाव राहू दिलंय सर. कोचना फोन केला. ते नाराज झाले.

कोच लोक असेच. स्वतःचं बघतात.

पोर्क सँडविच खाल्लं. एकच. आनंदाच्या दिवशी मोजायचं नसतं.


२ जून

एमरीचा फोन. तीन क्लबांनी सरावाला बोलावलंय, समोर खेळवून बघणार म्हणे. जाऊ का? मी म्हणालो, अजिबात नाही. शब्द मिळालेल्या पोराने दुसऱ्याच्या दारात घाम गाळायचा नसतो. तिथे पाय मुरगळला तर? आणि दुसऱ्या कोणाला आवडलास तर बाविसाव्यालाच उचलून नेतील. तो म्हणाला, उचललं तर बरंच ना सर?

पोर भोळं आहे. मी म्हणालो, निष्ठा नावाची गोष्ट असते.

तो म्हणाला, बरं सर.

तीन क्लब! म्हणजे माझी नजर बरोबर होती. हे आज तारखेसह लिहून ठेवतो, उद्या कोणी नाकारायला नको.


९ जून

मीटिंग. मनाचा हिय्या करून म्हणालो, सत्ताविसाव्याला हॅचर.

किशने मान वर केली. म्हणाला, हॅचर? तो कॉलेजला परत गेला नाही? मला वाटलं गेला असेल. टेसा म्हणाली, नाही, नाव राहिलंय, आणि कोणाकडे सरावालाही जात नाहीये. किशने कपाळाला हात लावला. म्हणाला, कोणत्या गाढवाने त्याला हा सल्ला दिला? पुढच्या वर्षी पोरगा पहिल्या फेरीत गेला असता.

मी म्हणालो, हो ना. आजकालचे एजंट.

सगळ्यांनी माना हलवल्या. एमरीला एजंट नाही. पण हे मला तिथे आठवलं नाही.


१० जून

काल जरा खचलो होतो. आज विचार केला तर सगळं उलगडलं. किश नाटक करतोय. मोठे मॅनेजर आपले पत्ते आपल्याच माणसांना दाखवत नाहीत, बातमी फुटते. मुद्दाम बेफिकिरी दाखवली. कपाळाला हात जरा जास्तच झाला, पण वय लहान आहे, शिकेल.

खात्री करायला हॉलमध्ये डोकावलो. पट्टी एकोणिसावर. हलवायची असती तर काल रागात हलवली नसती का?


१६ जून

मार्जीने विचारलं, किशला सरळ विचारत का नाहीस? म्हणालो, विचारलं की विश्वास नाही असं दिसतं. ती म्हणाली, विचारलं की नाही म्हणेल, म्हणून विचारत नाहीस. आणि मग म्हणाली, वेंडेल, अजून नऊ दिवस आहेत. त्या बाईला फोन कर. पोराला त्या तीन क्लबांकडे जाऊ दे. तुझं हसं झालं तर होऊ दे.

मी दोन तास तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही.

उद्या लोरेनला फोन करायचा. नुसता सहज. ख्यालीखुशाली.


१७ जून

लोरेन सकाळी बसवर असते. उगाच कशाला त्रास.


१९ जून

केला फोन! म्हणजे तिचाच आला. चर्चची चाळीस माणसं बोलावलीत ड्राफ्ट बघायला. खुर्च्या भाड्याने आणल्या, अख्खं हॅम सांगितलंय. मला यायचा आग्रह. म्हणाली, तुम्ही मधल्या खुर्चीवर. मी म्हणालो, मला त्या दिवशी ऑफिसात असावं लागतं, निर्णयाच्या वेळी. ती म्हणाली, हो हो, तुम्हीच तर नाव सांगणार.

तीन क्लबांचं सांगणार होतो. पण ती इतकी खूश होती, वाईट वाटलं असतं तिला.


२४ जून

बोलावलं! तब्बल सहा वर्षांनी ड्राफ्टच्या खोलीत. किशचा मेल आलाय, सर्व स्काउटनी उपस्थित राहावं, पिझ्झा आहे. आता शंकाच नको. माझं पोर घ्यायचं म्हणून मी समोर हवाय.

निळा सूट काढला. पोटाला बसत नाही. बटण न लावता छान दिसतो.

घोडामैदान जवळच आहे.


२६ जून, सकाळी १०

क्रमाने लिहितो.

पहिला सॉल्टर गेला. मी पहिल्यापासून म्हणत होतो. (लेस बांधायला माणसं मिळतात.) रेन नववा. द्राशकिच कोणी घेईना, गुडघ्याचं काहीतरी निघालं, घसरत घसरत आमच्यापर्यंत आला. सत्तावीस नंबरला किश न थांबता म्हणाला, द्राशकिच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठलो. म्हणालो, एक मिनिट. बोर्डावर हॅचर एकोणीस आहे. द्राशकिच खाली आहे, चोविसावा. आपलंच ठरलेलं आपणच मोडायचं? आणि भिंतीकडे हात केला.

सगळे भिंतीकडे बघायला लागले. बघता बघता एकाला हसू फुटलं. टेसा हसली नाही, हे तिच्या बाजूने लिहितो. ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, वेंडेल, तो बोर्ड पाहुण्यांना दाखवायला आहे. जाहिरातदार येतात ना, त्यांना फोटोसाठी. खरी यादी कॉम्प्युटरवर असते. या भिंतीला आम्ही ऑक्टोबरपासून हातही लावलेला नाही.

किश म्हणाला, ही पट्टी एकोणिसावर कशी गेली? मग स्वतःच म्हणाला, सफाईवाल्यांकडून पडली असेल, कुठेही लावतात.

मी म्हणालो, हो, कुठेही लावतात.

एकेचाळिसाव्या नंबरला, एमरीला सरावाला बोलावणाऱ्या तिघांपैकी एका क्लबने त्याच जागेवर खेळणारा दुसरा पोरगा घेतला. मी त्याला पाहिलंय. एमरीच्या नखाची सर नाही. एमरी तिथे गेला असता तर... जर-तरला अर्थ नाही. आमचा दुसऱ्या फेरीतला नंबर सत्तावन्न. मी किशच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. काहीतरी बोलणार होतो. त्याने लिथुआनियाचा एक घेतला, जो येणारसुद्धा नाही म्हणे दोन वर्षं.

साठ नावं झाली. पिझ्झा उरला होता.

अँडरसनहून सात फोन आले. हॉलमध्ये रेंज नव्हती.

रेंज होती.


२७ जून

बैल गेल्यावर गोठ्याला कडी घालून काय उपयोग, हे सगळ्यांना कळतं, पण दोष कोणाचा ते कोणी बघत नाही. खोटा बोर्ड भिंतीवर लावतो कोण? कोण लावतो? लायकीची उतरंड म्हणून पाहुण्यांना दाखवायची आणि आपल्याच जुन्या माणसाला सांगायचं नाही! ही फसवणूक माझी झाली आहे. हे मी आज आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहिलं. मार्जी दारात उभी होती. म्हणाली, आता हेच अँडरसनला जाऊन म्हण.

ज्यांची नावं येत नाहीत, त्यांना क्लब ड्राफ्टनंतर फोन करून उन्हाळी संघात बोलावतात. एमरीला एकही फोन नाही. कोणी त्याला समोर खेळताना पाहिलंच नाही, बोलावणार कोण? कॉलेजातली जागाही गेली. हे सगळं पेपरात होतं, कोपऱ्यात, सहा ओळींत.


३० जून

किशने बोलावलं. मी पेन, टेबलावरचा फोटो, उशी, सगळं खोक्यात भरून ठेवलं होतं. त्याने एक वर्ष वाढवून दिलं! म्हणाला, वेंडेल, तुमच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, कुटुंबांशी तुमचं जमतं, आम्हाला तसा माणूस लागतो.

एक तक्रार नाही. एकतीस वर्षं. शेवटी कोणीतरी बघितलं.

मार्जीला सांगितलं. तिने ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

संकल्प, आणि हा पक्का: अँडरसनला जायचं, सगळं खरं सांगायचं. किशने काही कबूल केलं नव्हतं, पट्टी मी हलवली, एवढी दोन वाक्यं. सोपी आहेत.


२ जुलै

गुडघा. गाडीला क्लच नाही, तरी चालवताना दुखतो.


४ जुलै

स्वातंत्र्यदिनाच्या सणाला कोणाच्या घरी वाईट बातमी घेऊन जाऊ नये. इतकी रीतभात मला आहे. शेजारच्यांनी दिवसभर फटाके उडवले. लोक आनंदात आहेत, कशाच्या कोण जाणे.


६ जुलै

आजही नाही गेलो. कारण लिहायचा कंटाळा आला.


८ जुलै

गेलो. दोन्ही वाक्यं गाडीत पंधरा-वीसदा म्हणून पाहिली. तोंडात बसली होती.

लोरेनने दार उघडलं आणि मला मिठीच मारली. मी म्हणालो, लोरेनबाई, मला तुम्हाला काही सांगायचंय. ती म्हणाली, काही सांगू नका. मला सगळं समजतं. तुम्ही बोलणारे बोललात, वरच्यांनी ऐनवेळी शब्द फिरवला. तुम्हालाही फसवलं ना हो त्यांनी?

मी म्हणालो, हो.

निघालंच तोंडातून. एवढंसं.

मग बसवलं. चिकन-नूडल्स. जेवणाआधी प्रार्थनेत तिने माझं नाव घेतलं, म्हणाली, या माणसाचंही भलं कर, याने आमच्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावली. एमरी समोर बसला होता, ताटात बघत. बारीक झालाय. गोदामात खोकी उचलतो, पहाटेची पाळी. ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या एका संघाची चाचणी आहे, तिकीट स्वतःचं. लोरेन म्हणाली, डिग्रीचं मी विचारलं कॉलेजात, खेळाच्या जागेशिवाय फी माफ होत नाही म्हणाले. बघू, म्हणाली. आणि मला आणखी वाढलं. मी खाल्लं.

एमरी गाडीपर्यंत सोडायला आला. अंगणात भाड्याच्या खुर्च्यांपैकी दोन अजून पडल्या होत्या. मी म्हणालो, एमरी, हे बघ. तो म्हणाला, थांबा सर, मला माहितीय.

म्हणाला, सव्वीस तारखेलाच मी तुमच्या ऑफिसात फोन लावला होता. मिस्टर किश स्वतः बोलले, खूप चांगले बोलले. म्हणाले, आमच्याकडून असा शब्द गेलेलाच नाही. तुला कोणी दिला, नाव सांग. मी म्हणालो, कोणी नाही, मीच डोक्यात घेतलं होतं.

मी विचारलं, असं का सांगितलंस?

तो म्हणाला, तुमचं नाव सांगून माझं वर्ष परत येणार होतं का? आणि आई आहे. तिला वाटतं, सगळ्या जगात एक माणूस तरी तिच्याशी खरं बोलला. ते गेलं तर तिच्याकडे काय राहणार? आज तुम्ही सांगायलाच आला होतात, दारातच कळलं मला. पण नका सांगू. कधीच नका सांगू.

मी म्हणालो, बरं.

मी आत बसल्यावर त्याने हळूच दार लावून दिलं. गाडी सुरू केली तर त्याने काचेवर टकटक केलं. काच खाली घेतली. म्हणाला, आणि पुन्हा येऊ नका सर. आई दर वेळी तुम्हाला जेवायला बसवेल, आणि मला समोर बसावं लागेल.